साडेतीन इंचाची डिस्क

ऐश्वर्या रेसिडेन्सीत एकेका घरातला टीव्ही एवढा मोठा आहे की भिंत कमी पडते, पण टेबलावर ठेवायचा साधा कॉम्प्युटर एकाही घरात नाही. हा शोध मला लागला तेव्हा आमचा चौकीदार सरकारी मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात जमिनीवर गादी टाकून पडलेला होता. त्याच्या मांडीत रॉड, माझ्या हातात हार्ड डिस्क. दोन्ही लोखंड, आणि दोन्हींची जबाबदारी सोसायटीनं मोठ्या मनानं सेक्रेटरीवर, म्हणजे माझ्यावर टाकलेली.

चौकीदाराचं नाव मनोहरराव. उजाडताना गेटसमोरचा रस्ता झाडत होता. मागून गाडी आली, त्याला उडवलं आणि निघून गेली. त्यानं पाहिलं ते एवढंच की गाडी पांढरी होती. नागपुरात पांढरी गाडी शोधणं म्हणजे उन्हाळ्यात डोक्याला दुपट्टा बांधलेला माणूस शोधणं. पण आमच्या गेटवर कॅमेरा होता. कॅमेऱ्यानं नंबर पाहिला असणार. तो नंबर मीटर रूममधल्या रेकॉर्डरच्या डब्यात गेला असणार. आणि त्या डब्यात, त्याच आठवड्यात लाइट डिम-फुल झाली त्यात, धूर झाला.

मीटर रूममध्ये शिरून मी पहिल्यांदा जळका वास घेतला आणि मग महावितरणला अशा शिव्या दिल्या की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकी लावून घेतली.

मेकॅनिक आला. त्यानं डबा उघडला, आतून डिस्क काढली, कानाशी धरून हलवली आणि म्हणाला, "डबा गेला काका. डिस्क जिवंत आहे. घरच्या कॉम्प्युटरले लावा, मी सॉफ्टवेअर पाठवतो. सारं दिसून जाईन."

पोलीस ठाण्यात मी डिस्क घेऊन गेलो. जमादारानं ती तपकिरी कागदात गुंडाळलेली वस्तू पाहिली, वास घेतला. "हे काय आणलं गा? पेन ड्राइव्हमध्ये आणा. संगं सर्टिफिकेट आणा का हे फुटेज असली आहे म्हणून. नंबर दिसला तर गाडी आम्ही आणतो. नाही दिसला तर मंग अज्ञात वाहन."

"अज्ञात वाहन लिहिलं तर काय होतं?"

"काही नाही होत," तो म्हणाला. आणि खरंच, तेच होतं.

गाडी सापडली तर विम्याचा दावा होणार, मनोहररावच्या पायाचं काही मोल ठरणार. गाडी सापडली नाही तर सरकार हातावर जे ठेवतं ते घ्यायचं आणि लंगडायचं. लंगडा चौकीदार सोसायटीला नको असतो. आमचे चेअरमन गिरिधरजी तोवर एजन्सीच्या गार्डबद्दल बोलायलाही लागले होते, युनिफॉर्मवाला, शिट्टीवाला. पाण्याच्या पंपाशेजारची मनोहररावची खोली मग रिकामी करून घ्यायची, तिथं सोसायटीचं जुनं फर्निचर ठेवायचं. त्याची बायको जिजाबाई तेव्हा त्याच्या बदली गेटवर उभी राहत होती. गाडी आली की धावत जाऊन फाटक उघडायची. कोणी तिला राहा म्हटलं नव्हतं, कोणी जा म्हटलं नव्हतं. आमच्या लोकांना फुकट मिळणाऱ्या गोष्टीचा ठराव करायची सवय नाही.

डिस्कची गोष्ट ग्रुपवर टाकली तर दोन्ही हात जोडलेल्या चित्रांचा पूर आला. कोणी लिहिलं, देव बघतो आहे. मी लिहिलं, देव बघतो आहे पण देवाजवळ पेन ड्राइव्ह नाही, कोणाकडे डेस्कटॉप आहे का? मग एकानं लिहिलं, माझा होता, भंगारात दिला. दुसऱ्यानंही भंगारातच दिला होता. तळमजल्यावरच्या प्रोफेसरांनी लिहिलं की तंत्रज्ञानाच्या या युगात मोठ्या वस्तूंचा अस्त अटळ आहे. असल्या वाक्यांसाठी सरकार या माणसाला पेन्शन देतं.

शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या कुसुमताईंनी मोठ्या अभिमानानं लिहिलं, "आमच्या केयूरकडे गेमिंग कॉम्प्युटर आहे. फार पॉवरफुल आहे."

गेमिंग कॉम्प्युटर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर कपाटाएवढा डबा आला. एसटीच्या वर्कशॉपात आयुष्य घातलेला माणूस मी. ताकद म्हटली की मला आकार लागतो. मी डिस्क घेऊन वर गेलो. केयूर पंचविशी ओलांडलेला, घरूनच कुठल्याशा कंपनीचं काम करतो, उरलेल्या वेळात बंदुका चालवतो. त्यानं टेबलाकडे बोट दाखवलं. टीव्हीच्या पायाशी एक काळी वस्तू होती, बेसनाच्या लाडवांचा डबा असतो तेवढी.

"हा कॉम्प्युटर?"

"हो ना अंकल. पूरा बीस्ट आहे."

मी माझी डिस्क त्याच्यावर ठेवली. डब्यावर विटेचा तुकडा ठेवावा तसं दिसलं. डिस्क एका बाजूनं कॉम्प्युटरच्या बाहेर आली.

"आत जाईल?"

केयूर हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, त्यानं दयेनं पाहिलं. "अंकल, ही डेस्कटॉपवाली आहे, साडेतीन इंचाची. याच्यात तर चुइंगमच्या पट्टीएवढी लागते. पण टेन्शन नका घेऊ, केबल येते. बाहेरून लावून टाकू."

केबल त्याच्याकडे होती. लॅपटॉपमधल्या छोट्या डिस्कची. त्यानं लावली. डिस्कनं एकदा कण्हल्यासारखा आवाज केला आणि गप्प बसली. परत लावली, परत कण्हली. मला मनोहररावचा वॉर्ड आठवला.

कुसुमताई चहा घेऊन आल्या. कुसुमताईंकडे माझ्यासाठी नेहमी कागदी कप निघतो, बाकीच्यांसाठी चिनी मातीचे. एकदा विचारलं तर म्हणाल्या, धुण्याचा त्रास असतो हो. धुण्याचा त्रास इमारतीत फक्त माझ्याच ओठांचा होतो, हे शास्त्र मला अजून समजलेलं नाही. पण काम त्यांच्या घरात होतं, मी कागदी कपातला चहा प्यालो. चांगला होता, हेही लिहिलं पाहिजे.

बर्डीवर कॉम्प्युटरच्या दुकानांच्या गल्लीत मी डिस्क घेऊन फिरलो. एका दुकानदारानं केयूरच्या कॉम्प्युटरचं नाव विचारलं, मी हातानं आकार दाखवला. तो म्हणाला, "अंकल, इतना छोटा इंजन और इतनी बडी बोगी? यूएसबी से पाच व्होल्ट आता है. इस डिस्क को बारा लगता है, तभी घूमेगी. डॉक लो, उसका अपना अडॅप्टर रहता है."

डॉक म्हणजे एक बैठा डबा, वर खाच. टोस्टरमध्ये पाव उभा करावा तशी त्यात डिस्क उभी करायची. वीज त्याची वेगळी, तार वेगळी. एवढ्याशा कॉम्प्युटरला एवढी मोठी डिस्क जोडायला एक डबा, एक अडॅप्टर, एक तार आणि एक जास्तीचं एक्स्टेंशन बोर्ड. जागा वाचावी म्हणून माणूस छोटा कॉम्प्युटर घेतो आणि मग त्याच्याभोवती संसार मांडतो. आमच्या इमारतीतले वन बीएचकेवालेही हेच करतात. त्यावर पुन्हा कधी.

डॉक घेऊन टाकणारच होतो, पण मी सेक्रेटरी. सोसायटीच्या पैशानं काही घ्यायचं तर तीन कोटेशन लागतात. हा नियम गिरिधरजींनी आणला होता, माझ्या आधीच्या सेक्रेटरीनं न विचारता झाडू घेतले म्हणून. गिरिधरजींचा टाइल्सचा धंदा आहे. जिन्यातल्या टाइल्स त्यांच्याच दुकानातून आल्या, तीन कोटेशन घेऊनच. तिन्ही त्यांच्या भाच्यांची होती.

"रविंद्रभाऊ," ते मला फोनवर म्हणाले, "मनोहरच्या कामात आपण कसूर नाही करायची. पण नियम म्हणजे नियम. उद्या लोक म्हणतील ढोकेनं डबा खाल्ला."

"डबा लोखंडाचा आहे गिरिधरजी."

"लोक लोखंडही खातात."

मी परत बर्डीवर गेलो. दुकानदार म्हणाला, "एक डब्बे का तीन कोटेशन?" मग त्यानं गल्ल्याखालून तीन बिलबुकं काढली, तीन वेगळ्या नावांची, आणि तिन्हींवर तीन वेगळ्या अक्षरांत स्वतःच लिहून दिलं. एका अक्षरात तर त्यानं मुद्दाम चुका केल्या. इतकी मन लावून केलेली कला मी नागपुरात क्वचितच पाहिली आहे.

डॉक आला तेव्हा पितृपक्ष लागला होता. कुसुमताई दारातच म्हणाल्या, "आता नको हो ढोके साहेब. अपघाताची वस्तू आहे. या पंधरवड्यात घरात आणत नाही असलं काही."

"ताई, मनोहरराव जिवंत आहे."

"हो, पण मांडीचं हाड आहे ना. सांगता येत नाही."

घरी येऊन मी प्रेमिलाला, माझ्या बायकोला, हे सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुम्ही काहून हासून राहिले जी? त्या बाईच्या डोयातलं पानी पाहून या गेटवर." मी हसत नव्हतो. रागानं माझा चेहरा तसा होतो. लग्नाला इतकी वर्षं होऊनही तिला फरक कळत नाही, की कळतो आणि ती बोलत नाही, हे मला कळत नाही.

पितृपक्ष संपला, मुहूर्त लागला. केयूरनं सगळं मांडलं: कॉम्प्युटर, डॉक, दोन अडॅप्टर, बोर्ड. डिस्क फिरायला लागली, तो गुंजारव ऐकून मला गहिवरून आलं. केयूर म्हणाला, "अंकल, सॉफ्टवेअर डाउनलोडला टाकतो, मोठं आहे, दुपारून बघू." तेवढ्यात कुसुमताईंनी धूळ पुसून घेतली. चांगल्या गृहिणीला तारा जागच्या जागी बघवत नाहीत. त्यांनी सगळ्या काढल्या, पुसल्या, आणि परत लावल्या. कॉम्प्युटरचा अडॅप्टर एकोणीस व्होल्टचा, डॉकचा बाराचा. दोन्ही काळे, दोन्हींची पिन एकाच जाडीची. कुसुमताईंनी अदलाबदल केली. डॉकमधून एक छोटा 'टक' आला आणि मग अगरबत्तीसारखी एक रेघ.

"मी तर नुसतं पुसलं," कुसुमताई म्हणाल्या.

सुदैवानं डिस्क त्या वेळी केयूरनं बाहेर काढून ठेवली होती. मेला तो फक्त डॉक. परत तीन कोटेशन. दुकानदार म्हणाला, "अंकल, इस बार चौथा फ्री में देता हूँ."

आता जे सांगणार आहे त्याचा मला तेव्हा अर्थ लागला नव्हता. मी स्वतःला हुशार समजतो, त्यामुळे हे लिहिताना जिवावर येतं आहे. दुसरा डॉक यायचा होता त्या दिवसांत लोक मला एकेकटे भेटायला लागले.

पहिले प्रोफेसर. जिन्यात गाठून म्हणाले, "ढोके, त्या डिस्कवर फक्त त्या सकाळचंच असेल ना?"

मी म्हटलं, "केयूर म्हणतो महिनाभराचं असतं. सगळ्या कॅमेऱ्यांचं."

"पार्किंगचंही?"

"पार्किंग, गेट, जिना, गच्चीचं दार."

प्रोफेसर गेले. सोसायटीच्या नळाला पाइप लावून स्वतःच्या अंगणातली बाग भिजवतात हे सगळ्यांना माहीत आहे. पाणी नसण्याच्या दिवसांत त्यांचीच जास्वंद फुललेली असते. माहीत असणं आणि टीव्हीवर दिसणं यात केवढं अंतर आहे ते मला तेव्हा कळलं.

मग तिसऱ्या मजल्यावरचा एक गृहस्थ, जो महिन्यातून दोनदा टूरवर जातो, त्यानं विचारलं की आवाजही येतो का. मी म्हटलं आवाज येत नाही. त्याला थोडं बरं वाटलं, पण पुरेसं नाही. कुसुमताईंनी फोन करून सांगितलं की शेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये सकाळी कचऱ्याच्या थैल्या पडतात त्या कुठून येतात याची चौकशी आता करू नये, मूळ मुद्दा भरकटतो. मी म्हटलं, कचऱ्याचा विषय मी काढलाच नव्हता. त्या म्हणाल्या, तेच म्हणते.

आणि गिरिधरजी. ते स्वतः घरी आले. चपला बाहेर काढून, नीट बसून, प्रेमिलानं दिलेलं पाणी पिऊन. त्यांच्या पांढऱ्या गाडीला पुढून नवा बंपर लागला होता, तो आम्ही सगळ्यांनी पाहिला होता. कोणी विचारलं नव्हतं तरी ते म्हणाले, "खाप्याच्या रस्त्यावर रानडुक्कर आडवं आलं, भाऊ. काय सांगू, मोठं जनावर."

"कधी?"

"त्याच सुमारास," ते म्हणाले, आणि मग लगेच, "म्हणजे कधीतरी."

माझ्याकडे पुरावा नाही, आजही नाही, आणि पुरावा नसताना कोणाला गुन्हेगार म्हणणं बरं नव्हे असं कायदा सांगतो. कायद्यानं तो बंपर पाहिलेला नाही.

ते गेल्यावर मी प्रेमिलाला म्हटलं, "अख्खी इमारत घाबरली आहे."

"मीही दिसीन ना त्याच्यात," ती म्हणाली. "सोसायटीनं बंदी केली तरी रोज कुत्र्यांले भाकर टाकतो गेटजवळ. दिसू द्या. दंड मारा म्हना."

दुसरा डॉक आला. अडॅप्टरवर मी स्वतः चुन्यानं मोठा बारा लिहिला. रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर कुसुमताईंच्या हॉलमध्ये बघायचं ठरलं. मी फक्त केयूरला सांगितलं होतं, पण सगळे आले. येताना खुर्च्या घेऊन आले. एका घरून शेवचिवडा आला. टीव्हीवर काय लागणार याची अशी गर्दी मी शेवटची क्रिकेटच्या फायनलला पाहिली होती, फक्त तेव्हा लोक हरायला घाबरत होते आणि आता दिसायला. गिरिधरजींनी हजेरीचं रजिस्टर आणलं होतं. "इतके जण आहोतच तर सभाच समजू," ते म्हणाले. "कोरम आहे."

प्रेमिलानं जिजाबाईला वर बोलावलं. ती आली आणि दाराशी चपलांच्या स्टँडजवळ उभी राहिली. हातात डबा होता, इथून तशीच वॉर्डात जाणार होती. मी म्हटलं, आत या, बसा. ती म्हणाली, "असू द्या साहेब, इथूनच दिसते."

केयूरनं डिस्क डॉकमध्ये उभी केली. ती फिरायला लागली. एवढ्याशा काळ्या कॉम्प्युटरशेजारी ती एवढी मोठी, उघडी, अवघडल्यासारखी डिस्क. टीव्हीवर केयूरचा डेस्कटॉप, त्यावर बंदूक घेतलेली कोणी बाई, आणि तिच्या छातीवर एक पांढरी चौकट उमटली. इंग्रजीत प्रश्न होता. प्रोफेसरांनी त्याचा मोठ्यानं अनुवाद केला, कोणी मागितला नसताना: "ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. आपण फॉरमॅट करू इच्छिता काय?"

"काही नाही, हे येतेच," केयूर म्हणाला. "रेकॉर्डरची डिस्क कॉम्प्युटरला समजत नाही, म्हणून तो विचारतो. फॉरमॅट म्हणजे सगळं पुसणं. कॅन्सल करायचं आणि सॉफ्टवेअर उघडायचं, मग सगळं दिसते."

"सगळं म्हणजे?" प्रोफेसरांनी विचारलं.

"सगळं म्हणजे सगळं, सर. पूर्ण महिन्याचं."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. ऑफिसचा कॉल, रविवारीही. त्यानं माउस टीपॉयवर ठेवला, "दोन मिनिट अंकल," म्हणाला आणि बाल्कनीत जाऊन दार ओढून घेतलं. काचेतून त्याचे हात हलताना दिसत होते.

चौकट टीव्हीवर तशीच. माउस टीपॉयवर, शेवचिवड्याच्या बशीशेजारी. हॉलमध्ये पंख्याचा आवाज होता आणि डिस्कचा. मी हात पुढे करून माउस घेणार, एवढ्यात गिरिधरजी म्हणाले, "थांबा रविंद्रभाऊ. प्रश्न सोसायटीच्या मालमत्तेबद्दल आहे."

"कोणता प्रश्न?"

त्यांनी टीव्हीकडे बोट केलं. "हा. कॉम्प्युटर विचारून राहिला. उत्तर एकट्या सेक्रेटरीनं द्यायचं का? सभा बसली आहे. सभेपुढे ठेवू."

मला वाटलं ते गंमत करताहेत. मी हसलोसुद्धा, हे मी स्वतःला माफ करणार नाही. तोवर प्रोफेसर उठले होते आणि त्यांना सुचायला एक क्षण लागला नाही. "ठराव असा," ते म्हणाले, "की रहिवाशांच्या खासगी आयुष्याचा आदर राखून, संगणकानं केलेल्या सूचनेप्रमाणे कार्यवाही करावी."

"अनुमोदन," तिसऱ्या मजल्यावरचा गृहस्थ म्हणाला.

"काय कार्यवाही?" मी ओरडलो. "पुसायचं? आत्ता तो पोरगा सांगून गेला पुसलं जाईल म्हणून! आणि ही बाई उभी आहे इथं!"

"आवाज खाली, ढोके साहेब," कुसुमताई म्हणाल्या. "माझ्या घरात आहात."

"लोकशाही आहे भाऊ," गिरिधरजी म्हणाले. "बाजूनं असतील त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. मी इतकी वर्षं सभा पाहिल्या. पाण्याच्या टाकीसाठी, लिफ्टसाठी, कोणत्याच ठरावाला आमच्या इमारतीत अर्ध्यापेक्षा जास्त हात एका दमात वर गेलेले मला आठवत नाहीत. या वेळी कोणाला शेजाऱ्याकडे बघावं लागलं नाही. ज्यांच्यावर मला भरवसा होता तेही. एक जण हात वर करताना दुसऱ्या हातानं चिवडा खात होता.

दाराशी जिजाबाई त्या गलक्यातलं काही न कळून कावरीबावरी झाली. सगळे हात वर, आणि तिच्या माणसाचं काम. तिनं हळूच कुसुमताईंना विचारलं, "ताई, मीही करू का?"

"कर वं," कुसुमताई म्हणाल्या. "तुझ्याच कामाचं आहे."

जिजाबाईनं डबा डाव्या हातात घेतला आणि उजवा हात वर केला. वरपर्यंत. प्रेमिला ओरडली, "जिजाबाई, हात खाली कर वं!" पण ती घाबरून तसाच धरून राहिली, शाळेत मास्तरनं उभं केल्यासारखी.

मी टीपॉयवर झेपावलो. हे शब्द लिहायला बरे वाटतात. प्रत्यक्षात माझा गुडघा टीपॉयच्या कडेला आपटला, बशी उलटली, शेवचिवडा सगळ्या गालिच्यावर, आणि मी ठराव मांडून परत बसलेल्या प्रोफेसरांच्या मांडीवर. माउस तोवर कुसुमताईंच्या हातात होता. घर त्यांचं, माउस त्यांचा. टीव्हीवरची ती पांढरी चौकट हलली, दुसरी आली, कुसुमताईंनी तिलाही होकार दिला, मग तिसरीला. बायका यंत्राला घाबरतात असं म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी तिथं असायला हवं होतं.

एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे गेली. माणसाला शिंक यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात.

केयूर बाल्कनीतून आला, टीव्ही पाहिला आणि जागच्या जागी थांबला. "किसने किया ये?" त्यानं विचारलं. मग आईच्या हातातला माउस पाहिला. माझ्याकडे वळून हळू म्हणाला, "अंकल, क्विक फॉरमॅट आहे. पूर्ण नाही जात. मुंबईला लॅब आहेत, ते काढून देतात परत."

"डिस्क सोसायटीची आहे," गिरिधरजी म्हणाले. "बाहेरगावी पाठवायची तर जनरल बॉडी लागेल."

"जनरल बॉडी ही काय बसली आहे!" मी म्हटलं.

"विषयपत्रिकेवर नाही ते." त्यांनी डॉकमधून डिस्क काढली, अजून गरम होती, रुमालात धरून सफारीच्या खिशात घातली. खिसा लहान पडला. डिस्क अर्धी बाहेर राहिली. मग रजिस्टर उघडून त्यांनी स्वतःच लिहायला घेतलं, कारण मी लिहिणार नाही म्हणून सांगितलं आणि सेक्रेटरीपद तिथंच सोडलं. माझा राजीनामा कोणी ऐकला असं वाटलं नाही. ते लिहिताना पुटपुटत होते, त्यामुळे मला ऐकू आलं: "ठराव सर्वानुमते मंजूर." मी म्हटलं, सर्वानुमते नाही, आम्ही दोघं विरोधात आहोत. ते म्हणाले, बरं, बहुमतानं. मग पेन थांबवून त्यांनी दाराकडे पाहिलं आणि पुढं लिहिलं: "पीडिताच्या पत्नीची संमती."

लोक उठले. ज्यानं-त्यानं आपापली खुर्ची उचलली. जिजाबाई चपलांच्या वाटेत होती, ती बाजूला सरकली, एक-दोघांच्या चपला तिनं सवयीनं सरळ करून दिल्या. तिला सांगणार कोण? या प्रश्नावर ठराव झाला नाही. प्रोफेसर निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही सांगा ढोके. तुमचं तिच्याशी बरं आहे."

हॉल रिकामा झाला. कुसुमताई आत भांडी वाजवायला लागल्या. केयूर तोंड फिरवून तारा गुंडाळत होता. प्रेमिला भिंतीला टेकून उभी होती. टीव्ही चालूच होता, त्यावर आता काहीच नव्हतं, नुसती बंदूकवाली बाई.

गर्दी गेलेली पाहून जिजाबाई आत आली. सोफ्यावर नाही, टीव्हीसमोर फरशीवर बसली, चिवडा हातानं गोळा करून एका बाजूला केला. डबा मांडीवर घेतला. वर पाहिलं. मी गुडघा चोळत तिच्याशेजारी खाली बसलो. सांगायला तोंड उघडलं.

"साहेब," ती टीव्हीवरून नजर न काढता म्हणाली, "मले वाचता नाही येत. गाडी दिसली का तुम्ही नंबर वाचा बरं."